पायाखालचा पत्रा

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत.

आज किल्ला नाही की लढाई नाही. आजचा इतिहास आहे गाडीच्या फ्लोअरचा. हसू नका, शेवटपर्यंत थांबा.

सुरुवात आमच्या घरापासून. आम्ही कर्जतचे. बाबांकडे १९९८ ची मारुती ८०० आहे, एमएच-०६ पासिंगची, सेकंड हँड घेतलेली. जुलैमध्ये आईला घेऊन खोपोलीला निघालो होतो. पळसदरीच्या पुढे रस्त्यावर पाणी साचलेलं. गाडी त्यातून काढली आणि माझ्या डाव्या पायावर खालून थंडगार पिचकारी उडाली. रबरी मॅट उचलली, तर खाली डांबरी रस्ता दिसत होता. पायाखालची जमीन सरकणं हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिला होता. त्या दिवशी तो कळला.

पहिल्या गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "दोन हजार द्या. वरून पत्रा ठेवतो, रिबेट मारतो, लांबी भरतो, काळा रंग. कळणारपण नाही." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बाबा म्हणाले, "कळणार नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे." आणि आम्ही खोपोलीला एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो.

आता थोडं मागे जाऊया. गाडीचा फ्लोअर इतका महत्त्वाचा का?

पूर्वीच्या मोटारीला खाली जाडजूड लोखंडी चासी असायची. इंजिन, चाकं, सगळं तिच्यावर. बॉडी नुसती वर बसवलेली, बैलगाडीवर ताटी ठेवावी तशी. तिचा तळ कुजला तरी गाडी उभी राहायची. मग १९२२ मध्ये इटलीत लान्शिया लॅम्ब्डा आली, १९३४ मध्ये फ्रान्समध्ये सिट्रोएनची ट्रॅक्शन अव्हाँ आली, आणि वेगळी चासी जाऊ लागली. बॉडीचा पत्राच वळवून, जोडून असा डबा करायचा की सगळा भार त्यानेच पेलायचा. याला म्हणतात मोनोकॉक. गाडी हलकी झाली, स्वस्त झाली, पेट्रोल कमी पिऊ लागली. पण त्या दिवसापासून फ्लोअर म्हणजे नुसती पाय ठेवायची जागा राहिली नाही. तो गाडीचा कणा झाला.

भारतात हा डबा घराघरात पोचवला तो फियाटने. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. तिथे बनणारी फियाट ११०० पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, म्हणजे आपली काळी-पिवळी. परमिट राजच्या काळात गाडी बुक करून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. एवढी वाट पाहून मिळालेली गाडी पत्रा सडला म्हणून कोण फेकेल? त्यातून एक अख्खी कारागिरी उभी राहिली. कुर्ल्यापासून खोपोलीपर्यंत पत्रा कापणारे, ठोकणारे, जोडणारे हात. आमचे मिस्त्रीकाका पोरवयात पद्मिनीच्या फ्लोअरवरच शिकले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. काकांचे हात मात्र अजून तेच करतात.

मग आली मारुती. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या ८०० ची किल्ली हरपाल सिंग यांच्या हातात दिली. ७९६ सीसीचं इंजिन आणि अख्ख्या गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. अँबॅसिडरचं वजन हजाराच्या वर! मध्यमवर्गाला गाडी परवडली ती या हलकेपणामुळे. पण हलका म्हणजे पातळ पत्रा. आणि पातळ पत्र्याला गंजाने खायला वेळ कमी लागतो.

त्यात आपला मुलूख बघा. कर्जतला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. छत्री, चपला, चिखल सगळं गाडीत. काचेच्या रबरातून पाणी झिरपतं आणि मॅटखाली जाऊन बसतं. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज सुरू. आपल्याला वाटतं फ्लोअर खालून, रस्त्याच्या चिखलाने सडतो. बऱ्याचदा तो वरून सडतो, ओल्या मॅटखाली, आणि आपण त्याच्यावर पाय ठेवून बसलेले असतो.

हे फक्त गरीब देशातलं दुखणं नाही. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये लान्शिया बीटा इतक्या वाईट गंजल्या की कंपनीला लोकांकडून गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. पोर्शने १९७५ पासूनच ९११ च्या बॉडीला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरला. उपाय माहीत होता. पण जस्ताला पैसे पडतात, आणि स्वस्त गाडीपर्यंत उपाय नेहमी उशिरा पोचतो.

आता खोपोलीला परत. काकांनी सीट काढल्या, मॅट काढल्या, खालची डांबरी शीट खरवडली. स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन इंचा-इंचावर ठोकत गेले. "ऐक, पत्रा बोलतो," म्हणाले. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडका भदभद. एका जागी आवाज घट्ट आला पण काकांचा चेहरा बदलला. खरवडलं तर आत जुना पॅच! आमच्याआधी कुणीतरी डब्याचा पत्रा रिबेटने मारून वर लांबी भरली होती. वरून कीर्तन, आतून तमाशा. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी अडकून गंज पसरत गेला होता, तो थेट ड्रायव्हर शेजारच्या सीटच्या बोल्टपर्यंत. बेल्टचं बक्कल जिथे अडकवलंय तिथलाही पत्रा बोटाने दबत होता.

ती आईची सीट. तेरा वर्षं ती त्याच सीटवर बसतेय, आणि मी तिला दर वेळी "बेल्ट लाव" म्हणून ओरडतो. बेल्ट कशाला बांधलाय, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

काम चार दिवस चाललं. आधी बॅटरी काढली. फ्लोअरखालून पेट्रोलची नळी जाते, म्हणून टाकी रिकामी करून नळी सोडवली. मग ग्राइंडरने सडका भाग कापला, चकचकीत लोखंड लागेपर्यंत. काकांचा नियम: "गंजाला टाका धरत नाही." पुठ्ठ्यावर माप काढलं, त्यावरून वीस गेजचा पत्रा कापला आणि लाकडावर ठोकून त्याला मूळ फ्लोअरसारख्या उभ्या घड्या पाडल्या. त्या घड्या शोभेच्या नसतात, ताकद तिथेच असते. मग सीओटू वेल्डिंग. एक टाका इथे, दुसरा तिकडे लांब. सलग मारलं तर उष्णतेने पातळ पत्रा पापडासारखा वाकतो. शेवटी प्राइमर, सांध्यात सीलर, खालून कोटिंग. आणि पाणी जायची भोकं मुद्दाम मोकळी ठेवून त्यांना रबरी बुचं बसवली.

बिल झालं अकरा हजार. भंगारवाला अख्ख्या गाडीचे वीस देत होता. शिवाय १ एप्रिल २०२२ ला पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं रजिस्ट्रेशन पुन्हा करायची फी ६०० वरून ५,००० झाली होती. हिशोब मांडला तर गाडी विकणंच शहाणपणाचं. मी तसं बाबांना म्हणालोसुद्धा.

बाबा म्हणाले, "विकली असती तर भंगारवाल्याने मोडली नसती. दोन हजारांची लांबी भरून कुणालातरी विकली असती. मग त्या सीटवर दुसऱ्या कुणाची तरी आई."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर मंडळी, एवढंच करा. घरात जुनी गाडी असेल तर या रविवारी मॅट उचला. ओल असेल तर वाळवा, फुगवटा असेल तर स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, भोकं बुजली असतील तर मोकळी करा. जुनी गाडी विकत घेताना रंग नंतर बघा, आधी मॅट उचलायला सांगा. विकणारा नको म्हणाला, तर उत्तर मिळालंच.

आमची आठशे अजून पळसदरीच्या रस्त्याने जाते. परवा पुन्हा तेच पाणी लागलं. आईने काही न बोलता पाय वर घेतले. मग हळूच खाली ठेवले. कोरडं होतं.

भेटू पुढच्या भागात.