एक माणूस, अनेक स्क्रीन

सप्टेंबर १९९१च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात एकविसाव्या शतकातला संगणक कसा असेल, यावर एक लेख छापून आला. लेखक होते मार्क वायझर. कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो इथे झेरॉक्स कंपनीचं ‘पार्क’ नावाचं संशोधन केंद्र होतं, तिथे ते काम करत. त्या काळी संगणक म्हटलं की टेबलावरचा एक जड डबा डोळ्यांसमोर येई. वायझर यांचं म्हणणं वेगळं होतं. हा डबा नाहीसा होईल, त्याच्या जागी एकाच खोलीत डझनांनी लहानमोठी यंत्रं असतील आणि माणूस मधे असेल, असं ते सांगत होते.

आज एका मध्यमवर्गीय माणसाजवळ फोन असतो, ऑफिसात लॅपटॉप असतो, घरात टीव्ही असतो, कधी मनगटावर घड्याळही असतं. सकाळी बसमध्ये अर्धवट वाचलेली बातमी संध्याकाळी लॅपटॉपवर समोर येते. फोनवर निवडलेलं व्याख्यान टीव्हीवर सुरू होतं. ही सोय इथवर कशी आली, हे पाहणं गरजेचं आहे. कारण ती घडवताना ‘वापरणारा माणूस’ म्हणून ज्याचं चित्र समोर ठेवलं गेलं, त्यात आपल्यापैकी बरेच जण बसत नाहीत.

पार्कमधली तीन मापं

वायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन मापांची यंत्रं बनवली. तळहातात मावणारा ‘टॅब’, वहीएवढा ‘पॅड’ आणि भिंतीवरच्या फळ्याएवढा ‘बोर्ड’. टॅब स्वतः फारसा हुशार नव्हता. खोलीच्या छताला बसवलेल्या उपकरणाशी तो अवरक्त किरणांनी बोलायचा आणि खरं काम दूरच्या मोठ्या संगणकावर चालायचं. टॅब कोणत्या खोलीत आहे हे त्या व्यवस्थेला कळायचं, म्हणून ठिकाणानुसार काय दाखवायचं तेही ठरवता यायचं.

याच सुमारास इंग्लंडमध्ये केंब्रिज इथल्या ऑलिव्हेटीच्या प्रयोगशाळेत रॉय वाँट आणि सहकाऱ्यांनी छातीवर लावायचा बिल्ला तयार केला होता. दर १५ सेकंदांनी तो आपली ओळख सांगणारा इशारा सोडायचा. त्यावरून कोण कुठल्या खोलीत आहे ते कळे आणि त्याचा फोन थेट तिथे वळवता येई. वाँट पुढे पार्कमध्ये आले.

वायझर यांच्या मांडणीतली एक गोष्ट आज विसरली गेली आहे. त्यांचा ‘पॅड’ कुणाच्याही मालकीचा नव्हता. टेबलावर पडलेला कोरा कागद जसा कुणीही उचलतो, त्यावर लिहितो आणि ठेवून देतो, तसा तो वापरायचा होता. जो पॅड सोबत वागवत फिरावा लागतो, तो फसलेला पॅड, असं ते मानत. या सगळ्यातला धोकाही त्यांनी त्याच लेखात मान्य केला होता. प्रत्येक खोलीत माणसाची चाहूल घेणारी यंत्रं जोडली गेली, तर आजवरच्या हुकूमशाह्या त्यापुढे फिक्या पडतील, अशा आशयाचा इशारा त्यांनी दिला होता. १९९९ साली, वयाच्या ४६व्या वर्षी कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

वेब आणि यंत्राची ओळख

वायझर यांचा लेख आला त्याच वर्षी टिम बर्नर्स-ली यांचं वर्ल्ड वाइड वेब जगासमोर आलं. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत निरनिराळ्या जातीचे संगणक होते आणि एकावरची माहिती दुसऱ्यावर वाचता येत नसे. त्या अडचणीतून वेबची कल्पना निघाली. मजकूर कसा दिसावा हे वाचणाऱ्याच्या यंत्राने ठरवावं, पानाने फक्त ‘हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा’ एवढंच सांगावं, हे तिचं मूळ सूत्र होतं. पुढे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या संभाषणात आणखी एक सोय आली. पान मागतानाच ब्राउझर सांगू लागला की मला कोणती भाषा हवी, कोणत्या प्रकारची चित्रं चालतील. म्हणजे देवाणघेवाणीची जागा सुरुवातीपासून होती.

तिचा कस लागला तो मोबाइल आल्यावर. १९९७ मध्ये एरिक्सन, मोटोरोला, नोकिया आणि अनवायर्ड प्लॅनेट या कंपन्यांनी ‘वॅप’साठी एकत्र येऊन मंच स्थापला. फोनच्या चार-पाच ओळींच्या पडद्यासाठी त्यांनी वेगळी भाषाच बनवली. त्यामुळे एकाच माहितीसाठी दोन-दोन पानं लिहिणं आलं. शिवाय प्रत्येक फोनचा पडदा वेगळा. मग फोनने स्वतःचा परिचय द्यावा, असा विचार पुढे आला. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने जानेवारी २००४ मध्ये त्याचा मसुदा मानक म्हणून मंजूर केला. यंत्राला काय जमतं आणि माणसाला काय आवडतं, या दोन्ही गोष्टी एका ठरलेल्या साच्यात लिहून सर्व्हरला कळवायच्या, असा तो बेत होता. व्यवहारात मात्र फोनच्या मॉडेलांची भलीमोठी यादी ठेवायची आणि नावावरून अंदाज बांधायचा, हीच पद्धत जास्त चालली.

लिपीचा प्रश्न

पडद्याच्या आकाराची चिंता युरोप-अमेरिकेला होती. आपल्याकडे अक्षरं उमटतात की नाही, इथूनच सुरुवात होती. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, तरी पुढची कित्येक वर्षं मराठी संकेतस्थळं आपापले फॉन्ट वापरत राहिली. तो फॉन्ट संगणकात नसला की पान म्हणजे अगम्य चिन्हांचा ढीग. फोनवर तर नुसते चौकोन.

यातून वाट काढली ती नॉर्वेच्या ‘ऑपेरा मिनी’ने. हा ब्राउझर २००५-०६ मध्ये आला आणि साध्या बटणांच्या फोनवरही चालायचा. वेबपान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर जाई, तिथे त्याचा आकार घटवला जाई आणि मग ते फोनवर येई. त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये एक पर्याय होता. तो चालू केला की देवनागरीसारख्या लिपीतला मजकूर सर्व्हरवर चित्र बनून येई. फोनमध्ये फॉन्ट नसतानाही मराठी वाचता येऊ लागली. हा उपाय त्या काळी तोंडोतोंडी पसरला. वेबवर मराठी वाचणाऱ्यांच्या एका पिढीला तो अजून आठवत असेल.

उर्दूची कहाणी आणखी लांबली. नस्तालिक लिपीत अक्षरं तिरपी उतरत जातात, म्हणून ती यंत्राला अवघड. १९८१ मध्ये पाकिस्तानच्या ‘जंग’ दैनिकाने ‘नूरी नस्तालिक’ वापरून संगणकावर छपाई सुरू केली. पुढे दिल्लीत तयार झालेलं ‘इनपेज’ उर्दू छापखान्यांत रुळलं. पण वेबवर उर्दू मजकूर वर्षानुवर्षं चित्र म्हणूनच टाकला जात राहिला. चित्र लहान पडद्यावर आपोआप दुमडत नाही. त्यात शब्द शोधता येत नाही आणि अंध वाचकाला ते यंत्र वाचून दाखवू शकत नाही. गूगलने २०१४ मध्ये मोफत नस्तालिक फॉन्ट दिला, आयफोनवर ही लिपी २०१७ मध्ये आली. तोवर अनेक तरुण रोमन लिपीत उर्दू लिहायला शिकून गेले होते. यंत्र लिपीशी जुळवून घेत नाही तेव्हा माणसं लिपी सोडून यंत्राशी जुळवून घेतात, हे आपण आपल्या घरांतून पाहिलं आहे.

एक पान, सगळे पडदे

२००७ मध्ये आयफोनने फोनवर पूर्ण वेब आणलं. २५ मे २०१० रोजी ईथन मार्कोट यांनी एका लेखात नवी रीत सांगितली. पान एकच ठेवा. रकाने टक्क्यांत मोजा, चित्रं लवचीक करा आणि पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलेल असे नियम लिहा. म्हणजे फोनच्या मॉडेलांची यादी ठेवायचं कारण उरत नाही. बर्नर्स-ली यांचं मूळ सूत्रच फिरून परत आलं होतं. आज बहुतेक संकेतस्थळं याच रीतीने चालतात.

पान पडद्याप्रमाणे बदलू लागलं, तरी दोन पडद्यांनी मिळून काम करणं बाकी होतं. १९९७ मध्ये सोनीच्या प्रयोगशाळेत जुन रेकिमोटो यांनी एका पडद्यावरची वस्तू पेनाने ‘उचलून’ दुसऱ्या पडद्यावर ‘ठेवून’ दाखवली होती. प्रत्यक्षात पेन काहीच वाहून नेत नव्हतं. पेनाला फक्त ओळख होती आणि वस्तू नेटवर्कवरून जात होती. २०१३ मध्ये आलेलं क्रोमकास्ट याच तत्त्वावर बहुतेक काम करतं. फोन टीव्हीला व्हिडिओ पाठवत नाही, फक्त पत्ता सांगतो. व्हिडिओ टीव्हीला जोडलेलं यंत्र स्वतः इंटरनेटवरून घेतं. २०१४ मध्ये ॲपलने फोनवरचं अर्धं काम संगणकावर पुढे नेण्याची सोय दिली.

या सगळ्याला जोडणारा धागा म्हणजे आपलं खातं, आपलं लॉगिन. यंत्रांची जुळणी त्यावर होते आणि पाळतही त्यावरच ठेवली जाते. लॉगिन नसेल तर इंटरनेटचा पत्ता, जागा आणि वेळ यांवरून हे दोन फोन एकाच माणसाचे असावेत, असा अंदाज बांधला जातो. सिल्व्हरपुश या भारतीय कंपनीचं तंत्र तर याहून पुढचं होतं. टीव्हीतून माणसाला ऐकू न येणारा ध्वनी सोडायचा आणि फोनच्या माइकने तो टिपायचा. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ते तंत्र आपल्या ॲपमध्ये घालणाऱ्या १२ विकासकांना इशाऱ्याची पत्रं पाठवली.

एक फोन, अनेक माणसं

वायझर संगणकाचे तीन काळ सांगत. पहिल्यात एक संगणक आणि अनेक माणसं, दुसऱ्यात एकाला एक, तिसऱ्यात एका माणसाला अनेक संगणक. आपल्या वस्त्यांत हा क्रम असा घडला नाही. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा लाखो घरांत एकच फोन होता. त्याच फोनवर थोरल्या मुलीचा दहावीचा तास, धाकट्याची कविता, अब्बांच्या कामाचे कॉल आणि अम्मीच्या माहेरची खुशाली. आजच्या फोनमध्ये खिशात मावणारा पहिला काळ भरला होता.

अशा फोनला ‘तुम्ही कोण’ याचं उत्तर सापडत नाही. मुलीने आजाराबद्दल काही शोधलं, तर त्याची जाहिरात भावाला दिसते. नवऱ्याच्या खात्याने चालणाऱ्या फोनवर बायको काय वाचते, ते नवऱ्याच्या लॅपटॉपवरही उमटतं. यंत्रं जितकी चांगली जोडलेली, तितका घरातला आडोसा कमी. अँड्रॉइडने २०१४ पासून फोनवरही एकाहून अधिक वापरकर्त्यांची आणि पाहुण्याची सोय दिली आहे. पण सगळ्याच कंपन्या ती देतात असं नाही, आणि जिथे आहे तिथेही ती असल्याचं फार थोड्यांना ठाऊक असतं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. त्यात संमतीला महत्त्व आहे. पण एका फोनवर चार माणसं असतील, तर ‘मान्य’चं बटण दाबलं कुणी आणि संमती धरली कुणाची? कायदा आणि यंत्र दोघेही फोनधारकाकडे बोट दाखवतात. घरात तो बहुधा पुरुष असतो.

वायझर यांच्या कोऱ्या कागदासारख्या पॅडकडे म्हणूनच पुन्हा पाहायला हवं. कुणीही उचलावा, आपलं काम करावं आणि मागे काही न ठेवता खाली ठेवावा. अनेक यंत्रं बाळगणाऱ्याला ती कल्पना पुढे निरुपयोगी वाटली. एका फोनवर चार जणांचा संसार चालवणाऱ्या घराला मात्र तिची आजही गरज आहे. तिच्यासाठी लागणारं तंत्र कधीचंच तयार आहे. ते आपल्या फोनमध्ये असावं आणि आपल्या भाषेत सापडावं, एवढी मागणी तरी आपण करायला हवी.