मुड्यातले बी आणि परसातले बी



जासईचे नाव बाहेरच्या माणसाने ऐकले असेल तर ते बहुधा १९८४ सालामुळे. त्या वर्षी जानेवारीच्या १६ आणि १७ तारखेस भूसंपादनाविरुद्ध उरण-पनवेलचा शेतकरी रस्त्यावर उतरला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि दोन दिवसांत पाच माणसे हुतात्मा झाली. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील जासईचेच. हा इतिहास आता लिहिला गेला आहे, आणि आम्हीही त्यावर पुष्कळ व्यासपीठांवरून बोललो आहोत. आज मात्र त्या लढ्याच्या पाठीमागच्या घरात, चुलीवरच्या माळ्याखाली, आपणास घेऊन जावे असे मनात आहे. जमीन जाते तेव्हा तिच्याबरोबर आणखी काय काय जाते, ह्याचा हिशेब कोणत्याही पंचनाम्यात धरलेला नसतो.

आमचे शिक्षण म्हणजे यार्डातल्या कामगारांच्या सभा आणि रात्री वाचलेली पुस्तके. तेव्हा शास्त्रज्ञाच्या अधिकाराने आम्ही बोलणार नाही. पण भाताच्या घरात जन्मलो, आणि बी म्हणजे काय हे शाळेआधी शिकलो, एवढे भांडवल आहे.

उरण हा एके काळी पनवेल तालुक्याचा पेटा होता. ह्या पट्टीतली पुष्कळशी जमीन माणसाने समुद्राकडून हिसकावून घेतलेली आहे. खाडीला मातीचा बांध घालायचा, भरतीचे पाणी आत येऊ नये आणि पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर जावे म्हणून उघाडी बसवायची, आणि मग वर्षानुवर्षे पावसाकडून जमिनीतला खार धुऊन घ्यायचा. बांध एकट्याचा नसे. तो फुटला तर सगळ्यांचे पीक जाई, म्हणून दुरुस्तीला घरटी माणूस जावा लागे. संघटना हा शब्द आम्ही पुढे पुस्तकात वाचला. ती वस्तू मात्र आमच्या आजोबांनी कमरेएवढ्या चिखलात उभे राहून केलेली होती.

अशा जमिनीत वाटेल ते भात येत नाही. भाताचे रोप कोवळे असताना आणि पुढे फुलोऱ्यावर असताना, अशा दोन वेळी त्याला खार अतिशय बाधतो. आमच्या खारपट्टीत म्हणून काळा राता, भुरा राता अशी भाते होती. टरफल काळपट किंवा भुरे, आत दाणा तांबडा. उत्पन्न बेताचे, पण खारात तग धरणारे. हे गुण त्या भातात कोणी प्रयोगशाळेत घातले नव्हते. बांध फुटलेल्या वर्षी ज्या चार लोंब्या उभ्या राहिल्या, त्यांचेच बी पुढच्या वर्षाला राखायचे, ही निवड पिढ्यान्‌पिढ्या झाली. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ह्या रात्यांतूनच निवड करून सुधारलेले वाण काढले, आणि मग पनवेल ह्या नावाचीच खारसहिष्णू भाते आली. केरळातल्या खाऱ्या शेतांतले पोक्कली भातही असेच. जगभरचे संशोधक आज खार सोसण्याचा गुण घेण्यासाठी त्याच्या दाराशी जातात. शास्त्रज्ञांचे श्रम आम्ही कमी लेखत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की त्यांच्या कामाची पहिली पायरी ज्यांनी बांधली त्यांच्या नावाची पाटी कोठे नाही.

आता हे बी राखायचे कसे? झोडणीच्या वेळीच उत्तम लोंब्या बाजूला काढीत. भात कडकडीत वाळवून पेंढ्यात आवळून त्याचा मुडा बांधीत, आणि तो माळ्याला अशा जागी टांगीत की चुलीचा धूर त्याला लागत राहावा. धुराने कीड येत नाही आणि दमटपणा उतरतो. पेरणीच्या दिवसांत मुडा सोडीत. वरकस जमिनीवर राब भाजून रोपे करीत. खाऱ्या खाचरांत मात्र रहू टाकीत, म्हणजे बी भिजवून, दाबून ठेवून, मोड आलेले दाणेच चिखलात फेकीत. पावसाने खार धुतला आहे हे ओळखून नेमक्या दिवशी रहू टाकणे ही मोठी हिकमत होती. एक दिवस चुकला तर मोड जळून जात.

राब म्हणजे झाडांची कवळे, पाला, शेण पसरून जाळलेला रोपांचा वाफा. ह्या कवळांसाठी जंगल लागे, आणि जंगलावर सरकारचा पहारा बसला तेव्हा भांडण सुरू झाले. ठाणे-कुलाब्यातल्या जंगलाच्या तक्रारींसाठी १८८५ साली सरकारला आयोग नेमावा लागला, त्यात हा राबाचा प्रश्न होता. २५ सप्टेंबर १९३० रोजी आमच्याच तालुक्यात चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला व गोळीबार झाला. त्याची कारणे राष्ट्रीय होतीच; पण ज्याच्या घरी मुडा टांगलेला आहे आणि राबाला कवळ नाही, त्या माणसाला स्वराज्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बी आणि सत्ता ह्यांचा संबंध आम्हाला नीट कळला तो चरीच्या संपाचा अभ्यास करताना. अलिबागजवळच्या चरी व आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर १९३३ पासून खोतांची जमीन कसणे बंद केले, आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. कामगार-चळवळीतला माणूस हे वाचताना पहिला प्रश्न विचारतो, तो संपनिधीचा. सहा वर्षे खाल्ले काय? लोकांनी लाकूडफाटा विकला, खाडीत मासे धरले, मिळेल ती मजुरी केली. आमच्या मनात मात्र दुसराही प्रश्न आला. भाताचे बी कोकणच्या दमट हवेत मुड्यात कितीही जपले तरी दोन-तीन वर्षांपलीकडे धड रुजत नाही. सहा वर्षे नांगर न लागलेल्या गावाने पुन्हा पेरायचे ठरवले, तर बी शेजारच्या गावाकडेच मागावे लागणार. म्हणजे बी हे धनासारखे गाडग्यात पुरून ठेवता येत नाही. ते कोणाच्या ना कोणाच्या शेतात दरसाल पिकत असावे लागते. ज्याला वर्षभर बी उसने देणारे सोयरे आहेत तोच संप करू शकतो. ज्याला नाही, त्याला ते सावकाराकडून दिढीने घ्यावे लागते, आणि दिढीने बी घेणारा माणूस ताठ उभा राहू शकत नाही.

ह्याचा अनुभव आम्ही आमच्याच घरी घेतला. आमची खाचरे संपादनात गेली तेव्हा आम्ही पोरसवदा होतो. घरात शेवटचा मुडा होता, भुऱ्या रात्याचा. जमीन परत मिळेल, निदान थोडी सुटेल, अशी वडिलांना आशा होती. म्हणून त्यांनी तो मुडा खाऊ दिला नाही. पहिल्या वर्षी टांगला, दुसऱ्या वर्षी उन्हात घालून पुन्हा टांगला. चौथ्या पावसाळ्यात त्यांनी मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधले. चार दिवसांनी फडके सोडले. एकही मोड नव्हता. वडील काही बोलले नाहीत. ते दाणे त्यांनी कोंबड्यांना टाकले आणि त्या दिवसापासून शेताविषयी बोलणे सोडले. लढ्याने पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मिळवून दिले, आणि ते मिळवणे सोपे नव्हते हे आम्ही सर्वांत आधी सांगू. पण साडेबारा टक्क्यांच्या भूखंडात रहू टाकता येत नाही.

आता आमच्या आत्याची गोष्ट. तिचेही शेत गेले. पण तिच्या दारी काकडी, शिराळी, घोसाळी, दुधी, लाल भोपळा, पडवळ हे सगळे पुढेही होत राहिले, आणि आजही त्या बियांची वेल जासईत आहे. कारण परसातल्या बियाला एकर लागत नाही. मोरीचे पाणी जाते तिथे हातभर माती आणि चढायला कुडाचा आधार असला की वेल होते. आत्या काकडीच्या बिया राखेत घोळून शेणाच्या गोवरीत थापी आणि ती गोवरी भिंतीला लावून ठेवी. घोसाळे वेलीवरच वाळू देई व आढ्याला टांगी. बी त्याच्या जाळीतच सुरक्षित. दुधीचे बी वाळक्या दुधीतच राही, हलवला की खुळखुळे. आणि बी मागायला आलेल्या बाईला ती कधी मोजून देत नसे. तिचे वाक्य होते, «बी इकाचा नाय, देवाचा.» आमच्या बोलीत ‘देवाचा’ म्हणजे द्यायचा. आम्ही लहानपणी त्याचा अर्थ परमेश्वराचा असा समजत होतो, आणि तो फारसा चुकीचा होता असे आजही वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्हाला असे वाटले की हे सारे व्यवस्थित करावे. आमच्या संघटनेच्या कचेरीत यार्डातले कामगार येतात, नव्या वसाहतींतल्या सदनिकांत राहणारी त्यांची कुटुंबे गच्चीवर कुंड्यांतून भाजी लावतात. आम्ही एक पत्र्याची पेटी आणली, नोंदवही केली, गावातल्या घराघरांतून बी गोळा केले, पुड्यांवर क्रमांक घातले. चिटणिसाला नोंदवहीचा मोह असतो. त्या पावसाळ्यात पेटी कोपऱ्यात राहिली, भिंतीला ओल आली, आणि उघडली तेव्हा पुड्यांवर बुरशी होती. आम्ही शरमून आत्याकडे गेलो. ती हसली. तेच बी तिने सात घरी दिले होते. पाचांकडे वेल चढली होती.

दुसरी चूक ह्याहून गंभीर ठरली असती. एकाने आणलेल्या दुधीच्या बियांची वेल लागली, दुधी देखणे आले, पण कडू. दुधीला परागकण दुसऱ्या दुधीचाही लागू शकतो. जवळपास कडू जातीची वेल असेल तर माशी तिचे पराग आणते आणि कडवटपणा पुढच्या पिढीत उतरतो. भातात ही अडचण फारशी नाही, त्याचे फूल बहुतेक आपल्या आपणच फळते. कडू दुधी विषारी असतो, त्याचा रस पिऊन माणसे दगावलेली आहेत. तेव्हा बी राखण्यापूर्वी आणि भाजी चिरण्यापूर्वी कच्च्या फोडीचा कण जिभेला लावून पाहावा, कडू लागला तर थुंकून वेल उपटावी. आमच्या आया हे न चुकता करीत. आम्ही त्याला भाबडेपणा समजत होतो. बाजारातले संकरित बी मात्र राखू नये. पुढच्या पिढीत ते मूळ गुण सोडते.

जगाच्या इतिहासातही ह्याला जोड आहे. लेनिनग्राडला १९४१ ते १९४४ वेढा पडला असता, वाविलोव्हने जमवलेल्या बियाण्यांच्या संग्रहाची राखण करणारे कार्यकर्ते उपाशी मेले. भाताच्या संग्रहाचा जो राखणदार होता तो हजारो भाताच्या पुड्यांमध्ये मेला. स्वतः वाविलोव्ह १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात मरण पावला होता. आमच्याकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या परसातून सुरुवात करून गावठी वालाच्या, भाताच्या, भाज्यांच्या जाती जमवल्या व वाटल्या. त्यांना २०२० सालचा पद्मश्री मिळाला. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. छापील नाममुद्रा लावून विकण्याचा मात्र नाही. कामगाराच्या हक्कासारखेच ह्याचे आहे. तो कागदावर मिळाला तरी रोज वापरात नसेल तर गंजतो.

भुऱ्या रात्याचे म्हणाल, तर दोन वर्षांपूर्वी पेणकडच्या एका सोयऱ्याने आम्हाला ओंजळभर दिला. गच्चीवर अर्ध्या कापलेल्या पिंपांत चिखल करून आम्ही रहू टाकला. नऊ पिंपांपैकी सातांत तो उगवला. वडील हयात नाहीत. त्यातले निम्मे बी आम्ही चार घरी देऊन टाकले आहे.

दाराशी एका ताटलीत घोसाळ्याच्या आणि काकडीच्या बिया ठेवल्या आहेत. जाताना घेऊन जाव्यात. पुडीला कागद नसेल तर आजच्या कार्यक्रमपत्रिकेचा चालेल. मृग लागल्यावर एक रात्र भिजवून बोटाच्या पेराएवढ्या खोल लावाव्या, आणि पहिले फळ खाऊ नये, बियाला ठेवावे.