सागाच्या हिशेबाबाहेरची झाडं

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात मराठवाड्यातल्या आमच्या इस्लापूरचं नाव छापलेलं आहे. गावातल्या फार थोड्यांना हे ठाऊक आहे. हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातलं एक इस्लापूर सर्कल एवढा भाग मुंबई राज्याकडे आला. बोथ पलीकडेच राहिलं. आज ते तेलंगणात आहे. आजा हसून म्हणायचा, ‘आपण गेलो मुंबईत, पण सरपण आणतो अजून अप्पारावपेठच्याच जंगलातून.’

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. आंध या आदिवासी समाजातला, त्यामुळे जंगल आधी घरात शिकलो आणि मग पुस्तकात. पुस्तकात शोधायला लागलो तेव्हा कळलं की आमचा डोंगर नेहमी कुणाच्या तरी पुस्तकाच्या कडेला पडलेला आहे. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ केला, पण आम्ही इलाख्यात नव्हतो. निजाम संस्थानातल्या जंगली वनस्पतींवर ई. ए. पार्ट्रिज यांचं पुस्तक १९११ चं, पण ते इंग्रजीत आणि हैदराबादेत. मराठवाड्याची म्हणून सगळी झाडं-झुडपं एकत्र नोंदली गेली ती थेट १९९८ साली, प्रा. वसंत नाईक आणि सहकाऱ्यांच्या ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’च्या दोन खंडांत. म्हणजे स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होऊन गेल्यावर.

नोंद नव्हती असं मात्र नाही. सागाची होती. दिवाण सालारजंगाच्या कारभारात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामाचं जंगलखातं उभं राहिलं आणि तेव्हापासून निर्मळच्या डोंगररांगेकडे सरकार सागाचं कोठार म्हणूनच पाहत आलं. जंगल राखीव करायचं म्हणजे आधी हद्द आखायची. आमच्याकडे जुनी माणसं त्या हद्दीला नुसतं ‘लाईन’ म्हणत. लाईनीच्या आत गुरं गेली की दंड, फांदी तोडली की दंड, आणि दंडाशिवाय जे द्यावं लागे ते वेगळंच. हे सगळं टोकाला गेलं ते १९४० साली, जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचा पुढारी कोमराम भीम मारला गेला तेव्हा. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली आणि क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेंडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ आदिलाबादेत आला. ‘ट्रायबल हैदराबाद’ (१९४५) आणि ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ (१९४८) ही त्याची पुस्तकं. लाईन आखल्यावर गावंच्या गावं कशी कोंडीत सापडली, शेतं कशी गेली, हे त्याने लिहून ठेवलंय. तेव्हा आम्हीही आदिलाबाद जिल्ह्यातलेच, म्हणून ती आमचीही हकीकत.

सरकारं बदलली तरी हिशेबाची वही तीच राहिली. लाकडाच्या डेपोत आजही दोनच जाती: साग आणि आडजात. ऐन, धावडा, हेदू, कळंब, बिजा, तिवस, रोहण, सालई सगळे आडजातीत. १९७४ साली वनविकास महामंडळ आलं. मिश्र जंगल कापून तिथं रांगेत साग लावायचा, हे त्या काळचं वनशास्त्रच होतं, आणि ते राज्यभर राबवलं गेलं. सागाशी माझं भांडण नाही. आमच्या घराचं आढं सागाचंच आहे. पण सागाच्या दाट लागवडीत पावसाळ्यात चालून बघा, खाली मोठमोठ्या पानांचा थर आणि त्याखालची माती उघडी. मिश्र जंगलात त्याच दिवसांत करटुल्याचे वेल चढलेले असतात, काळी मुसळी आणि सफेद मुसळी उगवलेली असते, तरोट्याची कोवळी भाजी बायका ओच्यात खुडून नेत असतात. वाघाटीची फळं आषाढात बाजारात येतात ती अशाच जागांवरची.

आता त्या दुसऱ्या हिशेबाबद्दल सांगतो, जो कोणत्याच सरकारी वहीत नव्हता.

चैत्रात पहाटे मोह गळतो. अंधार असतानाच टोपल्या घेऊन बायकापोरं झाडाखाली पोचतात, कारण उजाडल्यावर गुरं, माकडं, अस्वल सगळेच वाटेकरी. जंगल राखीव असलं तरी कोणता मोह कोणत्या घराचा हे गावात ठरलेलं असे. झाडाची मालकी नव्हे, फुलं वेचायचा मान. दोन घरांत भांडण झालं तरी दुसऱ्याच्या झाडाखाली टोपली मांडायची नाही. पूर्ण वाढलेला मोह कुणी तोडत नसे. तोडणाऱ्याला गावानं वाळीत टाकलं नसेल, पण पोरीचं लग्न जमवताना ते आठवलं जाई. फुलं उन्हात वाळवून कणग्यात भरायची, बैलाला शिजवून घालायची, माणसांनी उकडून, तिळासोबत कुटून खायची. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरी ज्वारी संपल्यावर आजीनं ज्या कणग्यात हात घातला तो मोहाचा होता. ज्येष्ठात टोळी, म्हणजे मोहाची बी, पडे, तिचं तेल दिव्याला आणि जेवणालाही.

नवं खाण्याची रीतही झाडांचीच होती. गोंड आणि कोलाम वस्त्यांत देवाला दाखवल्याशिवाय नवा आंबा, नवा मोह तोंडात घालत नाहीत. साजाचं, म्हणजे ऐनाचं झाड गोंडांच्या देवाचं ठिकाण. याला शहरातली मंडळी ‘निसर्गपूजा’ म्हणून मोकळी होतात. मला त्यात जास्त व्यवहार दिसतो. फळ पिकायच्या आधी ओरबाडू नये, यासाठी देवाचा धाक हा सगळ्यात स्वस्त पहारेकरी होता.

तो पहारेकरी गेला की काय होतं ते चारोळीत बघा. चाराचं फळ पिकून काळं झाल्यावर गोळा करायचं, ही जुनी चाल. व्यापारी आधी येऊ लागले तसं फळ कच्चं काढलं जाऊ लागलं, आणि हाताला लागत नाही म्हणून फांदीच तोडली जाऊ लागली. आपण नाही तोडली तर दुसरा तोडेल, हा विचार एकदा शिरला की झाड उभं राहत नाही. बिब्याचं जरा वेगळं. त्याला त्याच्या चिकानंच राखलं. बिबा अंगावर उतला की कातडी सोलवटून निघते, म्हणून कुणी उगाच कुऱ्हाड चालवत नाही. पण त्याच्या आतली गोडंबी डिंकाच्या लाडवात लागते, आणि ती काढायला बिबा दगडावर ठेवून फोडावाच लागतो. राखेत हात घोळून बसलेल्या बायकांची बोटं काळी पडलेली मी पाहिली आहेत. पुण्याच्या दुकानात काचेच्या बरणीतली गोडंबी पाहून मला आजही त्या बोटांकडेच लक्ष जातं.

तेंदूची, म्हणजे टेंभुर्णीच्या पानांची, गोष्ट थोडक्यात. १९६९ च्या कायद्यानं त्याचा व्यापार सरकारच्या हाती गेला. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची गोणी, हे माप आमच्या पोरांना पाढ्यांआधी येतं. पानं चांगली फुटावीत म्हणून झुडूप दरवर्षी खुडतात, कुठे कुठे आगही लावतात. त्यामुळं टेंभुर्णीचं झाड होतच नाही, आणि टेंभरं कशी लागतात हे आताच्या मुलांना माहीत नाही.

मोहाला मात्र सरकारनं दारूच्याच नजरेनं पाहिलं. फुलं साठवणं म्हणजे गुन्ह्याची तयारी, असा समज फार काळ चालला. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं मोहफुलांच्या संकलन-साठवणीवरचे निर्बंध काढले. निर्णय चांगला आहे. पण तोवर एक गोष्ट होऊन बसली होती, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या शिवारातले मोह म्हातारे झाले आहेत. बांधावर, नाल्याकाठी, जंगलाच्या कडेला जे उभे आहेत ते आमच्या आजाच्या वेळचे. तोडीसाठी आखलेला जंगलाचा कूप कापताना मोह राखला जाई, हे खरं. पण त्याचं पोर कुठं दिसत नाही. फुलं आम्ही वेचतो, टोळीही आम्हीच उचलतो, उरलंसुरलं रोप उगवलं तर शेळी खाते नाहीतर वणवा. जुन्या रीतींनी उभं झाड राखायला शिकवलं. नवं लावायला शिकवलं नाही, कारण तेव्हा ते लावावं लागत नव्हतं. परंपरेचं गुणगान करताना हे विसरून चालणार नाही.

लागवडीच्या नावानं मोहिमा झाल्या. २०१९ साली राज्यात तेहतीस कोटी झाडांची घोषणा होती. एका वर्षी आमच्याकडे रोपं आली त्यात ग्लिरिसिडिया आणि निलगिरीच भरपूर. चार, बिबा, कुसुम, मोह यांची मागणी केली तेव्हा ‘रोपवाटिकेत नाहीत’ असं उत्तर मिळालं. २०१२ साली पश्चिम घाटाचा जागतिक वारशात समावेश झाला, त्यात कासचं पठार आहे, आणि लोक गाड्या भरभरून फुलं पाहायला जातात. जावं. पण मराठवाड्यात सगळ्यात जास्त पाऊस आणि सगळ्यात मोठं जंगल असलेल्या किनवट-माहूर पट्ट्यात येणारा पाहुणा सहस्रकुंडचा धबधबा बघतो, फोटो काढतो आणि पैनगंगेच्या काठावरचं अर्जुनाचं झाड न बघताच परततो.

जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ ठिकाणी ती बाहेरच्या माणसानं बसल्या जागी भरून दिलेली असते. आमच्या भागात झाडाला मराठीत एक नाव, गोंडीत एक, बंजारा तांड्यात एक आणि तेलुगूत एक. मोहाला तेलुगूत इप्पा म्हणतात, पळसाला मोदुगा. ही चार नावं एका ओळीत लिहून घ्यायला गावातली म्हातारी माणसंच लागतात, आणि ती आहेत तोवरच हे होईल.

इस्लापूर, शिवणी, जलधारा, बोधडीकडच्या शिक्षकांना आणि ग्रामसभांना माझी एकच विनंती आहे. मोहाची टोळी जूनच्या सुमारास पडते आणि तिची उगवणशक्ती काही आठवड्यांतच जाते, त्यामुळे ती पुढच्या वर्षासाठी ठेवून उपयोग नाही. प्रत्येक घरानं तेलासाठी टोळी नेताना चांगल्या झाडाखालची ओंजळभर बाजूला काढावी, पहिल्या पावसात पिशव्यांत रुजवावी, आणि रोप शेळीच्या तोंडाला लागणार नाही एवढं वाढेपर्यंत काट्यांचं कुंपण घालावं. बिबाही ताजाच पेरावा. चाराची टणक बी मात्र आधी हलकेच तडकवून घ्यावी लागते. मोहाला फुलं यायला दहा-बारा वर्षं किंवा जास्तही लागतील, म्हणून या जूनमध्येच सुरुवात करा.