वायू आणि वाफ

दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्यावरच्या इंजिनातल्या वाफेला वायू का म्हणायचे नाही? बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ साली याचा उलगडा केला. प्रत्येक पदार्थाच्या तपमानाची एक मर्यादा असते. तिच्या खाली नुसत्या दाबाने द्रव होते ती वाफ; तिच्या वर कितीही दाबा, द्रव होत नाही, तो वायू. पाण्याची मर्यादा ३७४ अंश सेंटिग्रेड. त्या काळचे बॉयलर दोनशेच्या आतच. सोडावॉटरमधल्या कार्बन डायॉक्साइडची मात्र अवघी ३१! म्हणजे दौंडच्या थंडीत ती वाफ, अन् वैशाखातल्या दुपारी वायू. गंमतच की नाही? गुरुजींनी मुलांना किटली जरूर दाखवावी. तोंडाशी काहीच दिसत नाही, तीच खरी वाफ. पुढचा पांढरा लोट म्हणजे पाण्याचे बारीक थेंब.