अणुगर्भातील घड्याळ आणि विदर्भातील शिलावर्तुळे

विवेकसिंधूतील शके १११० हा उल्लेख मूळचा की मागाहून जोडलेला, हा वाद मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. परंतु जिथे अक्षरच नाही, तिथे काळ कसा ठरवावा? नागपूरजवळ जुनापाणी येथे सुमारे तीनशे शिलावर्तुळे आहेत. १८७९ मध्ये रिव्हेट-कर्नाक यांनी त्यांविषयी लिहिले. अशा वर्तुळांत लोखंडी अवजारे, मृद्भांडी, घोड्यांचे अवशेष मिळाले. नाव वा शक कोठेही नाही.

१९६८-६९ मध्ये शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने टाकळघाट व खापा येथे उत्खनन केले. खापा ही दफनभूमी, टाकळघाट ही वस्ती. वस्तीतील कोळशाचे मापन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले आणि इ.स.पू. सहाव्या-सातव्या शतकांच्या आसपासचा काळ पुढे आला.

हे मापन कार्बन-१४ वर आधारलेले असते. झाड जिवंत असेतो हवेतून हा कार्बन घेते. मेल्यावर भर थांबते, क्षय चालूच राहतो. सुमारे ५७३० वर्षांत तो निम्मा उरतो. त्याच्या गर्भातील ६ प्रोटॉन व ८ न्यूट्रॉन यांना तीव्र बल बांधून ठेवते. क्षीण बलामुळे एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि नायट्रोजन उरतो. हेलियम-६ याच प्रकारच्या क्षयाने एका सेकंदाच्या आत निम्मा होतो. मग कार्बन-१४ ला सहस्रके का लागावीत? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणिताने सुचविले की गर्भातील कण दोन-दोनच नव्हे, तीन-तीन मिळूनही परस्परांवर बल लावतात. त्यामुळे क्षय घडविणारे परिणाम एकमेकांना जवळजवळ रद्द करतात. हा क्षय इतका मंद नसता, तर टाकळघाटचा कोळसा मुकाच राहिला असता.

तथापि घड्याळ अचूक असले तरी त्याचे वाचन निःसंदिग्ध नसते. हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण युगायुगांत बदलले आहे, म्हणून वृक्षांच्या वर्षवलयांशी ताळा घ्यावा लागतो. नेमक्या इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात हा ताळ्याचा आलेख सपाट होतो. शतकांचे अंतर असलेली लाकडेही जवळजवळ एकच वय सांगतात. त्यामुळे ही वस्ती बुद्धाच्या आधीची की समकालीन, हे केवळ कार्बनवरून ठरत नाही. भांडी आणि लोखंड यांची साक्ष घ्यावीच लागते.

संहितेच्या अभ्यासकाला ही शिस्त परकी नाही. पाठभेद गाळून छापलेली ओवी आम्ही प्रमाण मानत नाही. अधिक-उण्याची मर्यादा गाळून सांगितलेले शतकही तसेच मानू नये.