गरोदरपणातील क्रूझ सहल : निर्णयापूर्वीचा हिशेब

महाराष्ट्रात डोहाळजेवणाचे अनेक प्रकार रूढ आहेत. बागेतले, चांदण्यातले आणि नावेतले डोहाळजेवण हे त्यांपैकी परिचित प्रकार होत. सजवलेल्या नावेत गर्भवतीला बसवून केला जाणारा हा सोहळा बहुधा सातव्या महिन्यात होतो. मोठ्या प्रवासी जहाजांचा नियम मात्र याच्या नेमका उलट आहे. सातवा महिना लागण्यापूर्वीच, गरोदरपणाच्या २४ आठवड्यांच्या सुमारास, जगातील बहुतेक क्रूझ कंपन्या गर्भवतीला जहाजावर घेणे थांबवतात.

सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून गोवा, दीव, कोची व लक्षद्वीप या मार्गांवर क्रूझ सहली सुरू झाल्या आणि हा प्रश्न अनेक मराठी कुटुंबांच्या घरात येऊन ठेपला. आरक्षण अनेक महिने आधी केलेले असते, पैसे भरलेले असतात आणि मधल्या काळात गोड बातमी समजते. अशा वेळी जावे की न जावे, याचा निर्णय उत्साहावर किंवा भीतीवर न सोडता काही निश्चित गोष्टींच्या आधारे घेता येतो.

२४ आठवड्यांची मर्यादा कशासाठी?

पूर्ण गरोदरपण ४० आठवड्यांचे मानले जाते आणि ३७ आठवड्यांपूर्वी झालेली प्रसूती अकाली समजली जाते. चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास जन्मलेल्या बाळाचे वजन साधारणतः सहाशे ते सातशे ग्रॅम असते. त्याची फुफ्फुसे अपरिपक्व असतात. असे बाळ जगण्याची शक्यता असते, पण ती नवजात अतिदक्षता विभाग, कृत्रिम श्वसनयंत्र आणि प्रशिक्षित बालरोगतज्ज्ञ उपलब्ध असतील तरच.

जहाजावरील दवाखान्यात डॉक्टर, परिचारिका, प्राणवायू, हृदयाचा आलेख काढण्याचे यंत्र आणि नेहमीची औषधे असतात. ताप, जुलाब, मुका मार किंवा हृदयविकाराचा प्राथमिक उपचार तेथे होऊ शकतो. नवजात अतिदक्षता विभाग, रक्तपेढी किंवा सिझेरियन शस्त्रक्रियेची नियमित व्यवस्था तेथे नसते. जहाज जवळच्या बंदराकडे वळवण्यास अनेक तास लागतात. हेलिकॉप्टरची मदत अंतरावर आणि हवामानावर अवलंबून असते. या वस्तुस्थितीतून २४ आठवड्यांची मर्यादा आली आहे. तिच्या आत असणे म्हणजे प्रवास सुरक्षित असल्याचा दाखला नव्हे, हेही त्यामुळेच लक्षात ठेवावे.

महिने नव्हे, आठवडे मोजावेत

घरात गरोदरपण महिन्यांत मोजले जाते, तर कंपन्या ते आठवड्यांत मोजतात. मोजणी शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते. त्या हिशेबाने २४ आठवडे म्हणजे १६८ दिवस, अर्थात सहाव्या महिन्याचा मध्य. ‘अजून सहावाच आहे’ असे म्हणून बंदरावर गेलेल्या प्रवाशाला तेथूनच परत फिरावे लागू शकते.

दुसरी बाब अशी की, मर्यादा जहाजावर चढण्याच्या दिवसाला नव्हे, तर सहलीच्या शेवटच्या दिवसाला लागू होते. सात रात्रींच्या सहलीसाठी निघताना २३ आठवडे २ दिवस झाले असतील, तर उतरताना २४ आठवडे २ दिवस होतील आणि प्रवेश नाकारला जाईल. नियमाची शब्दरचनाही बारकाईने वाचावी. काही कंपन्या ‘२४ आठवडे पूर्ण’ असे म्हणतात, तर काही ‘चोविसावा आठवडा सुरू’ असे म्हणतात. या दोन्हींत पूर्ण एका आठवड्याचा फरक आहे.

अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनुसार, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्सनुसार, प्रवासास सर्वांत अनुकूल काळ १४ ते २८ आठवडे हा आहे. पहिल्या तिमाहीतील मळमळ व थकवा तोवर ओसरलेला असतो आणि हालचाल अवघड झालेली नसते. क्रूझच्या बाबतीत हा काळ आकुंचित होऊन १४ ते सुमारे २२ आठवड्यांवर येतो. त्यातच १८ ते २० आठवड्यांदरम्यान बाळाची वाढ व अवयव तपासणारी सोनोग्राफी करायची असते. ती चुकणार नाही अशा रीतीने तारखा ठरवाव्यात.

कोणी जाऊ नये?

पूर्वी अकाली प्रसूती झालेली असणे, गर्भाशयाचे मुख कमकुवत असणे, वार खाली असणे, जुळी किंवा तिळी बाळे असणे, रक्तस्राव झालेला असणे, रक्तदाब वाढलेला असणे किंवा तीव्र रक्तक्षय असणे, यांपैकी काहीही असल्यास समुद्रप्रवास टाळणे इष्ट. गर्भ गर्भाशयातच रुजला आहे, याची सोनोग्राफीने खात्री होण्यापूर्वी निघू नये. गर्भनलिकेत वाढणारा गर्भ फुटल्यास पोटात मोठा रक्तस्राव होतो आणि तातडीची शस्त्रक्रिया हाच त्यावर उपाय असतो.

ज्यांचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आहे, त्यांनी एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानात घ्यावी. रक्तस्राव झाल्यास किंवा पोटाला मार लागल्यास अँटी-डी हे इंजेक्शन शक्यतो ७२ तासांच्या आत घ्यावे लागते. मार्गातील कोणत्या बंदरावर ते मिळू शकेल, हे आधीच पाहणे आवश्यक ठरते.

मार्गानुसार बदलणारी जोखीम

सर्व क्रूझ सहली सारख्या नसतात. मुंबई ते गोवा हा मार्ग किनाऱ्याला समांतर जातो, प्रवास साधारणतः एका रात्रीचा असतो आणि दोन्ही टोकांना सुसज्ज रुग्णालये आहेत. कोचीमध्येही उत्तम वैद्यकीय सोयी आहेत. लक्षद्वीपची गोष्ट वेगळी आहे. ही बेटे कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर आहेत. कवरत्ती येथे रुग्णालय आहे, परंतु गंभीर रुग्णाला विशेष उपचारांसाठी कोचीला न्यावे लागते. विमानाची धावपट्टी केवळ अगत्ती बेटावर आहे. शिवाय मोठी जहाजे खाजणाबाहेर समुद्रात नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान बोटींतून बेटावर नेले जाते. हेलकावणाऱ्या बोटीत पाऊल टाकताना तोल जाण्याचा धोका असतो आणि गरोदरपणात शरीराचा तोल आधीच बदललेला असतो.

ऋतूचाही विचार करावा. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्र खवळलेला असतो. शांत समुद्राचे महिने निवडल्यास पडण्याचा धोका आणि मळमळ दोन्ही कमी होतात.

कोणते उपक्रम करावेत, कोणते टाळावेत?

गरोदरपण म्हणजे विश्रांतीच, ही समजूत वैद्यकशास्त्राने मागे टाकली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ज्यांना वैद्यकीय अडचण नाही अशा गर्भवतींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. डेकवर चालणे, तलावात पोहणे, सौम्य योगासने हे प्रकार त्यासाठी योग्य आहेत. चालताना बोलता येत असेल, तर श्रम मर्यादेत आहेत असे समजावे.

पडण्याचा किंवा पोटावर आघात होण्याचा संभव असलेले उपक्रम मात्र वर्ज्य मानावेत. कृत्रिम भिंतीवरील गिर्यारोहण, झिपलाइन, बर्फावरील स्केटिंग, लाटांवरील सर्फिंग, जेट स्की, पॅरासेलिंग आणि उंच घसरगुंड्या यांचा त्यात समावेश होतो.

स्कूबा डायव्हिंग आणि स्नॉर्कलिंग यांतील फरक नीट समजून घ्यावा, कारण गोव्यात व लक्षद्वीपमध्ये दोन्ही उपक्रम पर्यटकांसमोर एकत्रच ठेवले जातात. स्कूबामध्ये खोल पाण्यातून वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे तयार होऊ शकतात. प्रौढ व्यक्तीची फुफ्फुसे ते गाळून टाकतात. गर्भाची फुफ्फुसे हे काम करू शकत नाहीत. म्हणून संपूर्ण गरोदरपणात स्कूबा निषिद्ध आहे, मग खोली कितीही कमी असो. पृष्ठभागावर राहून, शांत व उथळ पाण्यात, सोबतीने केलेले स्नॉर्कलिंग डॉक्टरांच्या संमतीने चालू शकते.

गरम पाण्याचे कुंड व सौना हेही टाळावेत. शरीराचे तापमान ३९ अंश सेल्सियसच्या वर जाणे, विशेषतः पहिल्या तिमाहीत, गर्भाच्या मज्जारज्जूच्या वाढीस घातक ठरू शकते.

बोट लागणे, जंतुसंसर्ग आणि डास

बोट लागण्याचा त्रास कमी व्हावा यासाठी जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावरील खोली घ्यावी. थोड्या थोड्या वेळाने कोरडे खाणे, आले आणि क्षितिजाकडे नजर ठेवणे यांचा उपयोग होतो. औषध घ्यायचे झाल्यास ते आपल्या प्रसूतितज्ज्ञाकडून निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे. सहप्रवाशाने दिलेली गोळी घेऊ नये.

नोरोव्हायरस हा उलट्या व जुलाब घडवणारा विषाणू बंदिस्त जागेत झपाट्याने पसरतो. मद्यार्कयुक्त द्रव त्यावर फारसा प्रभावी ठरत नाही. साबण व पाण्याने हात धुणे हाच खात्रीचा उपाय आहे. गरोदरपणात शरीरातील पाणी कमी होणे अधिक त्रासदायक ठरते, म्हणून जलसंजीवनीची पाकिटे सोबत असावीत. कच्चे मासे, अर्धकच्ची अंडी, निर्जंतुक न केलेल्या दुधाचे पदार्थ आणि बराच वेळ उघड्यावर राहिलेले अन्न वर्ज्य करावे.

झिका विषाणूचा धोका केवळ परदेशी बेटांपुरता नाही. महाराष्ट्रातील पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील बेलसर येथे आढळला आणि २०२४ मध्ये पुणे शहरात बाधितांमध्ये गर्भवतींचाही समावेश होता. या संसर्गाने बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. झिकाचा प्रादुर्भाव असलेले बंदर मार्गात असल्यास सहल रद्द करणेच श्रेयस्कर. अन्यत्रही अंगभर कपडे व डास प्रतिबंधक मलम वापरावे.

कागदपत्रे आणि विमा

प्रसूतीची अपेक्षित तारीख, गरोदरपणाचे आठवडे आणि प्रवासास हरकत नसल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले डॉक्टरांचे पत्र बहुतेक कंपन्या मागतात. त्यासोबत सोनोग्राफीचे अहवाल, रक्तगट, चालू औषधांची यादी आणि माता व बाल संरक्षण कार्ड हातातील पिशवीत ठेवावे.

अनेक प्रवासी विमा योजनांत गरोदरपणाशी संबंधित खर्च वगळलेला असतो. जहाजावरील उपचारांचा खर्च तिकिटात धरलेला नसतो. जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च, अकाली जन्मलेल्या बाळावरील उपचार आणि गरोदरपणामुळे रद्द केलेल्या सहलीची भरपाई, या तिन्हींबाबत विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. आरक्षणानंतर गर्भधारणा झाल्याचे समजल्यास कंपनीला त्वरित कळवावे. तारीख बदलण्याची किंवा परताव्याची शक्यता तेव्हाच अधिक असते.

निर्णयाचा निकष

प्रकृती उत्तम आहे, तपासण्या निर्दोष आहेत आणि आठवडे मर्यादेत आहेत, तरीही एक प्रश्न उरतो. मार्गातील सर्वांत दूरच्या ठिकाणी, मध्यरात्री, रक्तस्राव, पोटात कळा, अंगावरून पाणी जाणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी आणणारी तीव्र डोकेदुखी सुरू झाली, तर प्रसूतितज्ज्ञापर्यंत पोहोचण्यास किती तास लागतील? मुंबई-गोवा मार्गावर आणि लक्षद्वीपच्या मार्गावर या प्रश्नाचे उत्तर वेगळे येते. ते उत्तर पती-पत्नी आणि डॉक्टर या तिघांनाही मान्य असेल, तरच निघावे.

ते मान्य नसेल, तर सहल पुढे ढकलण्यात कमीपणा नाही. रुग्णालय जवळ असलेल्या किनारी गावातला मुक्काम हाही समुद्राचा आनंदच आहे. आणि सातव्या महिन्यात, शांत तळ्यात, अंगात जीवरक्षक जाकीट घालून नावेतले डोहाळजेवण करता येतेच. तेथे काठ काही मिनिटांच्या अंतरावर असतो.