नाव देणे, नाव नाकारणे : रुआंडा १९९४

राफाएल लेम्किन यांनी १९४४ मध्ये ग्रीक व लॅटिन धातूंच्या संयोगातून 'जेनोसाइड' हा शब्द घडविला. मराठीत त्यासाठी 'नरसंहार' सर्रास योजला जातो. पण तो मृतांचे प्रमाण सांगतो, मारणाऱ्यांचा हेतू सांगत नाही. ९ डिसेंबर १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारात मात्र समूहाचा समूह म्हणून नाश करण्याचा हेतूच निर्णायक आहे. म्हणून 'वंशसंहार' हा पर्याय मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो.

हा भेद केवळ कोशगत नाही. रुआंडात बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू, तुत्सी अशा नोंदी करून लवचीक सामाजिक भेद गोठविले. १९९३ मध्ये सुरू झालेल्या आरटीएलएम नभोवाणीने तुत्सींना 'इन्येन्झी', म्हणजे झुरळे, म्हटले. एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. रस्त्यांवरील नाक्यांवर ते ओळखपत्रच अनेकांचा मृत्युलेख ठरले.

पूर्वसूचना नव्हती असे नाही. शांतिसेनेचे प्रमुख रोमेओ डॅलेर यांनी ११ जानेवारीलाच शस्त्रसाठे आणि तुत्सींच्या नोंदणीविषयी न्यूयॉर्कला कळविले होते. तरीही २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने शांतिसेना २७० जणांपर्यंत घटविण्याचा ठराव केला. जूनमध्येही अमेरिकी प्रवक्ते 'वंशसंहाराची कृत्ये' मान्य करीत, 'वंशसंहार' म्हणणे टाळीत. त्या नावामागोमाग प्रतिबंधाचे दायित्व येत होते.

संहारापूर्वी एक नाव लादले गेले, संहार चालू असता दुसरे नाकारले गेले. प्रतिबंधाचा विचार या दोन क्षणांपासून सुरू व्हावा लागतो. याद्या आणि उपमा वेळीच वाचणे हे म्हणूनच भाषाभ्यासकाचेही काम आहे.